हाक कोणाची? मेनच्या जंगलातल्या रॅव्हनचं प्रकरण

१९८४ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. अमेरिकेच्या ईशान्येला मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या जंगलात एक मूस मरून पडला होता. मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. वाढलेला नर चार-पाचशे किलोचा सहज असतो. त्या मढ्यावर रॅव्हन, म्हणजे कावळ्यांच्या कुळातले मोठे पक्षी, जमले होते आणि त्यांचा कल्ला झाडीतून लांबवर पोचत होता. बर्न्ड हाइनरिक यांनी तो ऐकला. व्हरमाँट विद्यापीठातले हे प्राध्यापक तोवर भुंग्यांचे अभ्यासक म्हणून नावाजलेले होते. फुलाफुलांवर फिरताना भुंग्याची किती ऊर्जा खर्ची पडते आणि मकरंदातून किती वसूल होते, याचे हिशेब मांडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. अशा हिशेबी माणसाला त्या कल्ल्यातली विसंगती लगेच खुपली. हिवाळा तोंडावर आलेला, जंगलात अन्नाचा तुटवडा, आणि ज्याला घबाड सापडलं तो पक्षी गुपचूप खायचं सोडून ओरडून सगळ्यांना गोळा करतोय. कशासाठी?

या एका प्रश्नामागे त्यांचे पुढचे कित्येक हिवाळे गेले. एका मढ्यापासून निघालेली ही चौकशी सलग मांडून पाहावी असं मला फार दिवस वाटत होतं. याचं एक कारण घरचं आहे. कावळा एकटा खात नाही, पोळीचा तुकडा दिसला की काव काव करून जातभाईंना बोलावतो, हे मी लहानपणी आजीकडून ऐकलं आणि नंतर स्वतः मुलांना तसंच सांगितलं. त्या गोष्टीतल्या ‘बोलावतो’ या शब्दात केवढं काय दडलेलं असू शकतं, हे मला मेनच्या या प्रकरणातून कळलं.

आधी पक्ष्याची ओळख. रॅव्हन हा कावळ्यांच्या कुळातला सर्वांत थोराड पक्ष्यांपैकी एक. वजन साधारण सव्वा किलो, म्हणजे आपल्या अंगणातल्या राखाडी मानेच्या कावळ्याच्या चौपट. चोच जाड, गळ्याखाली पिसांची दाढी, उडताना शेपूट पाचरीसारखी दिसते. आपल्याकडे डोमकावळा म्हणतात तो वेगळा, आकाराने बराच लहान. महाराष्ट्रात रॅव्हन नाही. भारतात तो बघायचा तर लडाखसारख्या हिमालयातल्या उंच भागात किंवा राजस्थानच्या वाळवंटी पट्ट्यात जावं लागतं. लेहच्या बाहेर रस्त्याकडेला मेलेल्या एका गाढवावर मी रॅव्हनची जोडी पाहिली आहे. आम्ही अर्धा तास तिथे होतो. दोघं खात होते, उडून जात होते, परत येत होते, आणि त्या अर्ध्या तासात एकदाही ओरडले नाहीत. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्या गप्प बसण्याला अर्थ आहे, हे नंतर समजलं.

मूसच्या मढ्यावरच्या कल्ल्याचं साधं उत्तर काय असू शकतं? पहिलं सुचतं ते नात्याचं. बोलावलेले पक्षी भाऊबहीण असतील तर बोलावणाऱ्याचंच रक्त पोसलं जातं, म्हणजे सौदा घाट्याचा नाही. दुसरं उत्तर परतफेडीचं: आज मी तुला बोलावतो, उद्या तू मला बोलाव. तिसरं उत्तर जास्त व्यवहारी आहे. रॅव्हनची चोच कितीही दणकट दिसली तरी मोठ्या जनावराचं शाबूत कातडं तिला फाडता येत नाही. लांडग्याने, कोल्ह्याच्या जातीतल्या कायोटीने किंवा शिकाऱ्याच्या सुरीने ते आधी फाडलेलं लागतं. मग ही हाक एखाद्या कायोटीसाठी तर नसेल? चौथं उत्तर भीतीचं. जमिनीवर उतरून खाताना कोणी झडप घालेल म्हणून जास्त डोळे हवेत.

भीतीचा मुद्दा हाइनरिक यांनी अगदी जवळून पाहिला. नवं मढं दिसल्यावर रॅव्हन कसा वागतो, ते वर्णन वाचताना अजूनही गंमत वाटते. एवढा धिप्पाड पक्षी, पण थेट जात नाही. लांबवर उतरतो, चार पावलं टाकतो, थबकतो. अंग चोरून, मान ताणून मढ्यापर्यंत पोचतो, चोच लावतो न लावतो तोच पंख फडफडवत सरळ वर उडी घेतो आणि मागे येतो. पुन्हा पुढे, पुन्हा उडी. पडलेलं जनावर खरंच मेलंय की उठून लाथ मारेल, याची ही खातरजमा असावी, असं हाइनरिक यांचं मत. जो पक्षी अन्नाला इतका बिचकतो त्याला सोबत हवीशी वाटेल, हे पटण्यासारखं आहे. पण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

सिद्ध करायचं तर मढी लागणार, आणि ती मनासारखी मरून पडत नाहीत. म्हणून हाइनरिक यांनी ती वाहून आणायला सुरुवात केली. आसपासच्या शेतकऱ्यांकडे मेलेली गुरं, वासरं, रस्त्यावर गाडीखाली आलेले प्राणी, खाटिकखान्यातलं उरलंसुरलं. पश्चिम मेनमध्ये जंगलात त्यांची लाकडी ओंडक्यांची झोपडी होती. तिथवर हे सगळं बर्फातून ओढत न्यायचं, कुठे अख्खं जनावर ठेवायचं, कुठे कातडं फाडून, कुठे नुसताच मांसाचा ढीग. मग पहाटे अंधारात लपणात जाऊन पडून राहायचं, कारण रॅव्हनच्या नजरेला माणूस चालत येताना दिसला तर तो दिवस फुकट गेला. तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत. कित्येक दिवस एकही पक्षी फिरकायचा नाही. मला या संशोधनातला हाच भाग सर्वांत आदराचा वाटतो. गणितात सुंदर दिसणारा सिद्धान्त इथे थंडीने बधिर झालेल्या हातांनी तपासला गेला.

आणि मग नोंदवहीत एक फरक दिसू लागला. काही मढ्यांवर मोठा जमाव यायचा आणि कल्ला व्हायचा. काही मढ्यांवर मात्र एक किंवा दोनच रॅव्हन यायचे, दिवसेंदिवस तेच दोघं खायचे, आणि सगळं शांत. अन्न तेच, जंगल तेच, थंडीही तीच. म्हणजे अन्न दिसलं की रॅव्हन ओरडतोच, हे खरं नव्हतं. कातडं फाडलेलं असो वा नसो, कल्ल्याचा त्याच्याशी मेळ बसत नव्हता, त्यामुळे कायोटीला हाक मारण्याची कल्पना मागे पडली. आता प्रश्नच बदलला. रॅव्हन का ओरडतो, याऐवजी कोणता रॅव्हन ओरडतो, हे शोधायचं होतं.

गुलाबी तोंडं, काळी तोंडं

लांबून सगळे रॅव्हन सारखेच काळे. म्हणून पक्षी पकडून त्यांच्या पंखांना खूणपट्ट्या लावायचं काम सुरू झालं. पुढे जॉन मार्झलफ आणि त्यांच्या पत्नी कॉलीन मार्झलफ या कामात सामील झाले आणि त्याचा आवाका फार वाढला. शेकडो रॅव्हन हाताळले गेले. पक्षी हातात आला की लांबून न दिसणारी एक गोष्ट दिसते: त्याच्या तोंडाचा आतला रंग. पोराटकी रॅव्हनचं तोंड आतून गुलाबी असतं. वय वाढतं तसे त्यावर काळे डाग पडत जातात आणि प्रौढ पक्ष्याचं तोंड आतून पूर्ण काळं होतं. हा बदल नुसत्या वयावर ठरत नाही. कळपात वरचढ ठरलेल्या तरुण पक्ष्याचं तोंड लवकर काळवंडतं, दबून राहणाऱ्याचं गुलाबीपण जास्त काळ टिकतं.

आता कोडं उलगडू लागलं. शांतपणे खाणारे दोघं म्हणजे काळ्या तोंडाची, त्या भागात वर्षभर मुक्काम ठोकलेली प्रौढ जोडी. जंगलाचा तेवढा तुकडा त्यांच्या हद्दीतला, त्यामुळे तिथे पडलेलं मढंही त्यांचंच. ती जोडी कोणाला बोलवत नाही. उलट कोणी एकटादुकटा परका आला तर त्याला हुसकावते. गर्दी करणारे आणि हाका मारणारे बहुतेक सगळे गुलाबी तोंडाचे: अजून जोडीदार नाही, हद्द नाही, अशी भटकी तरुण मंडळी. आज या डोंगरावर तर चार दिवसांनी कुठच्या कुठे.

असा एखादा भटका तरुण पक्षी दुसऱ्याच्या हद्दीत मढं शोधून काढतो. समोर अन्नाचा डोंगर आहे, पण शेजारच्या झाडावर जोडी बसलेली आहे. एकटा उतरला तर मार खाऊन उपाशी जाणार. तो झाडाच्या शेंड्यावरून उंच, लांबट, ताणलेल्या सुरात ओरडत राहतो. ऑस्ट्रियातल्या अभ्यासकांनी या हाकेला पुढे ‘हाऽ’ असंच नाव दिलं, कारण ती तशीच ऐकू येते. रॅव्हनच्या नेहमीच्या खर्जातल्या घोगऱ्या ‘क्रॉक’पेक्षा ती अगदी निराळी आहे. हाक ऐकून दुसरा भटका येतो, तिसरा येतो. दोघंतिघं असेपर्यंत जोडी त्यांना पळवते. पण संख्या वाढत गेली की जोडी एकाला हाकलते तोवर दुसऱ्या बाजूने पाच जण मांसावर तुटून पडलेले असतात. शेवटी जोडी हात टेकते आणि बाकीच्यांबरोबर खायला लागते.

भुंग्यांच्या अभ्यासकाला हवा होता तो ताळेबंद इथे जुळला. समजा मढ्यावर पन्नास जण आले तर हाक मारणाऱ्याच्या वाट्याला पन्नासावा हिस्सा येईल. पण हाक मारली नसती तर त्याच्या वाट्याला काहीच आलं नसतं. शिवाय जनावर एवढं मोठं की तो पन्नासावा हिस्साही पोटभर असतो. आजीच्या गोष्टीत पक्ष्याचं मन मोठं होतं. इथे भुकेलेला, एकटा आणि कमजोर पक्षी आपल्यासारख्याच कमजोरांचा जथा उभा करतोय.

हा निष्कर्ष नुसत्या निरीक्षणावर सोडून दिलेला नाही. हाइनरिक यांनी हाकांचं ध्वनिमुद्रण जंगलात स्पीकरवर वाजवलं आणि रॅव्हन त्या आवाजाच्या रोखाने आले. मार्झलफ यांच्याबरोबर त्यांनी झाडीतच एक अवाढव्य जाळीचं पक्षीगृह उभारलं आणि तरुण रॅव्हन आत ठेवून त्यांच्या वागण्याचे तपशील टिपले. १९९१ मध्ये दोघांनी ते प्रसिद्ध केले. उपाशी पक्षी जास्त ओरडतात, पोट भरलं की हाक थांबते. वरचढ पक्षी समोर असला की दबलेले गप्प राहतात. तरुणांमधलाही सर्वांत वरचढ असलेला पक्षी सर्वाधिक ओरडतो आणि त्याला बाजूला काढलं की त्याच्या खालचा ओरडू लागतो. ही हाक मूळची पिल्लांच्या अन्न मागण्याच्या आवाजातून आली असावी, असंही त्यांनी मांडलं. घरट्यात आईबापांकडे तोंड उघडून मागायचं, तोच सूर मोठेपणी जंगलाला उद्देशून लागतो.

नात्याचा मुद्दा १९९४ मध्ये निकालात निघाला. मढ्यांवर जमलेल्या पक्ष्यांचे डीएनए तपासले, तेव्हा ते बहुतांशी एकमेकांचे कोणीच लागत नव्हते. भाऊबंदकी पोसण्याचा हिशेब इथे लागू पडत नाही. परतफेडीचा हिशेब बसवणंही अवघड आहे, कारण जमाव रोज बदलतो. आज ज्याला बोलावलं तो पुन्हा भेटेलच याचा नेम नाही.

एका मुद्द्यावर मात्र मला थांबावंसं वाटतं. तरुणांमध्येही वरचढ पक्षीच जास्त ओरडतो, हे ‘कमजोराची हाक’ या चित्रात नीट बसत नाही. इस्रायलचे पक्षिशास्त्रज्ञ आमोत्झ झाहावी यांच्या विचाराची दिशा इथे उपयोगी पडते. उदारपणा दाखवणं हा स्वतःची पत वाढवायचाही मार्ग असतो, असं ते आयुष्यभर सांगत आले. भटक्या टोळक्यातूनच पुढे जोड्या जुळतात. मढं शोधणारा, तिथे ठामपणे हाक देणारा पक्षी जोडीदार शोधणाऱ्यांच्या नजरेत भरणारच. माझ्या मते या हाकेत दोन्ही गोष्टी आहेत. जोडीशी तुलना करता हाक मारणारा दुबळा आहे आणि टोळक्यात तो पुढारी आहे. एकाच पक्ष्याची ही दोन्ही रूपं एकाच वेळी खरी असू शकतात, यात मला अडचण वाटत नाही.

रातथारा

हाक ऐकू येते ती काही किलोमीटरांपर्यंत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम तीस-चाळीस पक्षी एकाच दिशेने येऊन उतरतात, ते कुठून? भटके रॅव्हन रात्री उंच पाइनच्या झाडीत एकत्र मुक्काम करतात. १९७३ मध्ये पीटर वॉर्ड आणि झाहावी यांनी कल्पना मांडली होती की, पक्ष्यांचे असे रातथारे म्हणजे माहितीचे अड्डे असावेत. ज्याला अन्न सापडलं नाही तो सकाळी माहीतगाराच्या मागे जातो. कल्पना छान होती, पण पुरावा फार थोडा होता.

मार्झलफ दांपत्य आणि हाइनरिक यांनी १९९६ मध्ये रॅव्हनवर ती पडताळून दाखवली. काही पक्षी पकडून बराच काळ बाहेरच्या जगापासून दूर ठेवले, म्हणजे सध्या अन्न कुठे आहे हे त्यांना माहीत असण्याची शक्यता उरली नाही. मग त्यांना संध्याकाळी रातथाऱ्याजवळ सोडलं. सकाळी ते इतरांबरोबर निघाले आणि मढ्यावर पोचले. रातथाऱ्यापासून लांब सोडलेल्या पक्ष्यांना ते तसं साधलं नाही. उलट बाजूनेही प्रयोग झाला: ज्याला नवं मढं दाखवलं होतं असा पक्षी रातथाऱ्यात सोडला, तर दुसरे त्याच्यामागून तिथवर जाऊ शकत होते. शिवाय हे रातथारे एका जागी ठरलेले नव्हते. अन्न हललं की मुक्काम हलायचा, आणि हलण्याआधी संध्याकाळी थवाच्या थवा आकाशात उंच घिरट्या घालायचा.

इथे मला आपली गिधाडं आठवतात. गिधाड दुसऱ्याला हाक मारत नाही. मढ्यावर भांडताना फिसकारतं, घुरघुरतं, तेवढाच त्याचा आवाज. त्यांचं बोलावणं डोळ्यांतून चालतं. उंचावर लांब लांब अंतर ठेवून घिरट्या घालायच्या, खाली जमिनीवर आणि बाजूला शेजाऱ्यावर लक्ष ठेवायचं. एक झपकन खाली उतरलं की शेजारचं वळतं, ते पाहून त्याच्या पलीकडचं. आकाशात पुरेशी गिधाडं असतील तोवर ही साखळी चालते. गिधाडांना विषारी ठरणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांची मढी खाऊन १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर आकाश रिकामं झालं होतं. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावला गावकऱ्यांनी आणि पक्षिमित्रांनी नेटाने काही गिधाडं टिकवली आहेत. तिथे उभं राहून वर पाहताना मनात येतं, शेजारी दिसेनासा झाला की या पक्ष्याला मढं सापडणंही कठीण होतं. रॅव्हनला निदान ओरडता येतं.

कोण ओरडतोय, हेही कळतं

प्रकरणाचा पुढचा भाग ऑस्ट्रियात घडला. आल्प्सच्या पायथ्याशी ग्र्युनाऊ इथे कोनराड लोरेंझ यांच्या नावाचं संशोधन केंद्र आहे आणि त्याला लागून वन्यप्राण्यांचं उद्यान. तिथल्या रानडुकरांना, लांडग्यांना खाणं टाकलं की आसपासचे जंगली रॅव्हन त्यावर हात मारायला जमतात. रोज ठरलेल्या वेळी मेजवानी, त्यामुळे बर्फात मढी ओढत नेण्याची गरज नाही. थॉमस बुगन्यार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की ‘हाऽ’ ही हाक खास अन्नाशी जोडलेली आहे आणि ताटात काय पडलंय त्यानुसार तिचं प्रमाण बदलतं. मांसाला ती जास्त, डुकरांच्या कोरड्या खाद्याला कमी.

नंतर मार्कस बोकल, जॉर्जिन झिप्ल आणि बुगन्यार यांनी हाकांचे सूर मोजले. २०१२ मध्ये त्यांनी सांगितलं की प्रत्येक पक्ष्याच्या हाकेवर त्याची स्वतःची छाप असते. पुढच्या अभ्यासातून दिसलं की त्या सुरांवरून ओरडणाऱ्याचं वय आणि तो नर की मादी, याचाही अंदाज लागू शकतो. ध्वनिमुद्रणं ऐकवल्यावर ओळखीच्या आणि परक्या आवाजाला रॅव्हननी वेगवेगळा प्रतिसाद दिला. म्हणजे दूर झाडीत बसलेल्या पक्ष्यापर्यंत ‘इथे मांस आहे’ एवढंच पोचत नाही. कोणासोबत जेवायला बसावं लागेल, तिथे गेलो तर आपल्याला चोची बसतील की घास मिळेल, याचाही अंदाज तो घेऊ शकतो. मेनमधल्या पाहणीत जमाव हा एक आकडा होता. ग्र्युनाऊत त्या जमावाला चेहरे आले. खरं तर आवाज आले.

पुन्हा मेनकडे. हाइनरिक यांच्या सगळ्या नोंदींमध्ये माझ्या मनात राहिलेला पक्षी गुलाबी तोंडाचाही नाही आणि पुरता काळ्या तोंडाचाही नाही. तो अधलामधला आहे. दोन-तीन हिवाळे टोळक्यांबरोबर भटकलेला, अनेक मढ्यांवर घसा ताणून ओरडलेला. तो एखादीशी जोडी जमवतो, दोघं मिळून जंगलाचा एक तुकडा धरतात. तोंडातले शेवटचे गुलाबी ठिपके बुजतात. हिवाळ्यात त्यांच्या हद्दीत हरीण मरून पडतं. दोघं उतरतात, उड्या मारून खातरजमा करतात आणि काही न बोलता खायला लागतात. समोरच्या झाडावर एक पोरसवदा रॅव्हन येऊन बसतो आणि ‘हाऽ’ म्हणून ओरडतो. नर खाणं टाकून त्याच्यावर धावून जातो.